आत्याच्या खुब्यातला खिळा

काशम्माआत्याच्या खुब्यात खिळा आहे. खराखुरा, पोलादी, माझ्या मधल्या बोटापेक्षाही लांब! दोन वर्षांपूर्वी ती माळ्याच्या शिडीवरून पडली, खुब्याशी हाड मोडलं आणि मुंबईच्या डॉक्टरांनी तो आत ठोकला. मग आत्या चालू लागली, आमच्या हातमागासाठी रहाटावर सुताच्या कांड्याही भरू लागली.

यंदा श्रावणात खुबा पुन्हा दुखायला लागला.

शाळेत बाईंनी लोखंड गंजतं कसं ते नुकतंच शिकवलं होतं. मी लगेच प्रयोग केला. रक्त खारट, म्हणून चपलेचा एक खिळा मिठाच्या पाण्यात टाकला. चौथ्या दिवशी पाणी तांबडं! मी घरभर ओरडत सुटले, "आत्या आतनं गंजतीय!"

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आत्याचं मीठच बंद केलं. पंधरा दिवस आळणी आमटी.

"दाक्षू, तुला शाळंत घाला म्हणून मीच भांडले व्हते की," आत्या म्हणायची. "भोगते आता!"

पण दुखणं थांबेना. एके दुपारी तिनं हळूच विचारलं, "माझा पाय कापून टाकत्यात का गं?" मला एकदम रडूच आलं.

शेवटी अण्णांनी तिला इथल्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेले. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीशी धरला.

"गंज कुठाय?" ते हसले. "हे चपलेचं लोखंड नव्हे, न गंजणारं पोलाद आहे. असे खिळे निघून थोडीच वर्षं झालीत, वीस वर्षांनी त्याचं काय होईल, ते मात्र अजून कुणालाच ठाऊक नाही. हाड पक्कं जुळलंय. खिळा तेवढा अर्धं बोट मागं सरकलाय. बाई, तुम्ही कामाला बसता कशा?"

आत्या तिथंच फरशीवर बसली! उजव्या मांडीवर सगळा भार, हात रहाट फिरवल्यासारखे. "यव्वा! हितंच टोचतंय की!"

"टोचणारच. खिळ्याच्या डोक्यावरच बसताय. त्याचं काम झालंय, काढून टाकू. लहानशी चीर, दहा-बारा दिवसांत घरी."

"आन् पाय?"

"पायाला काय झालंय? पाय ठणठणीत आहे."

अण्णा मटकन बाकावर बसले आणि रुमालानं तोंड पुसत राहिले. मी उडीच मारली. आत्या खुर्चीला धरून उठली, डॉक्टरांकडे रोखून बघत म्हणाली, "मग उद्याच काढा. दिवाळीची गिऱ्हाइकं येत्यात, मला लई कामं हायेत."