गजराबाईंनी लावलेली पोथी

पाच वर्षांनी चारुलताच्या प्रबंधाचं घोडं एकदाचं गंगेत न्हायला आलं होतं. विषय होता तापीकाठच्या पोथ्या आणि त्या वाचणाऱ्यांचं शिक्षण. तिच्या गावात रिवाजच होता. श्रावणभर देवळात पोथी लावायची आणि समाप्तीला वाचणाऱ्याचं नाव शेवटच्या पानावर लिहायचं. सगळ्या बाप्यांच्या नावांत १९६५ पासून वीस-बावीस वर्षं एकाच बाईचं नाव होतं, गजराबाई. १९६५ मध्ये गावातली एकही मुलगी शाळेत जात नव्हती! चारुलताचं चौथं प्रकरण या नावावर उभं होतं.

गजराबाई अजून हयात होत्या. लहानपणी चारुलता त्यांच्या मांडीला टेकून पोथी ऐकायची. श्रावणातली दुपार, मुठीत गूळ-फुटाणे आणि वर तो खणखणीत आवाज. पुस्तकांचं वेड तिला तिथेच लागलं. तसं सुख पुढे कुठल्याच ग्रंथालयात मिळालं नाही.

आज देवळातली पोथी मागून घेऊन ती त्यांच्या ओसरीवर बसली आणि कौतुकाने चौथं प्रकरण वाचून दाखवलं. म्हातारीचा चेहरा उतरला.

"हाई छापाई जाई का?"

"हो, मोठी माय."

"मंग मन्हं नाव काढी टाक. माले एक बी अक्षर येत नही."

चारुलताला ती चेष्टा वाटली.

"घरमा सासरा हाईच पोथी वाचे, मी चुल्हापाशी बशीसन आयकू. समदं पाठ व्हयनं. त्यास्ना डोया गयात, तव्हय माले बसाडं. लोकेस्ले वाटनं, वाची ऱ्हायनी. मी बी बोलनी नही."

सासऱ्यांची दृष्टी गेली तोवर पान कुठे संपतं हेही त्यांना पाठ झालं होतं. त्या शब्दाला बरोबर पान उलटायचं.

चारुलताच्या पायाखालची वाळू सरकली. प्रकरण गेलं ते गेलंच, पण तिच्या आईला शाळेत घातलं होतं तेही याच भरवशावर. 'गजरा वाचस, मंग आपली पोर काबरं नही?' असं आजोबा म्हणाले होते. क्षणभर तिला रागच आला. मग त्या सुरकुतलेल्या तोंडाकडे पाहून तिचा जीव कळवळला. साठ वर्षं ही अळीमिळी गुपचिळी बाईने एकटीने सांभाळली होती. आपणही गप्प बसलो तर कोणाला कळणार आहे? पण मग अभ्यास कशाला केला?

तिने पोथी उघडली. "म्हणा ना, नावाड्याचा अध्याय."

गजराबाई म्हणू लागल्या. चारुलता बोटाने ओळ धरून चालली होती. नावाडी तापीत बुडाला, पान उलटलं आणि बोट अडखळलं. गजराबाईंच्या तोंडी नावाड्याची बायको नदीशी भांडत होती, पानावर मात्र नावाडी जेवायला बसला होता. म्हातारी चुकली म्हणावं, तर आकडे बासष्टावरून थेट चौसष्टावर गेले होते. गजराबाईंनंतर शिकलेल्या माणसांनी पस्तीस-चाळीस वर्षं पोथी वाचली, पण बुडालेला माणूस जेवतो कसा, हे एकालाही खटकलं नव्हतं! बायकोने भांडून नवरा परत मिळवला आणि गजराबाई बरोबर चौसष्टाव्या पानाच्या पहिल्या शब्दावर आल्या.

या पोथीची दुसरी प्रत चारुलताला जिल्ह्यात कुठेच सापडली नव्हती. तिचे डोळे भरून आले. तिने ते अख्खं पान त्यांना पुन्हा म्हणायला लावून उतरवून घेतलं.

"लिखाई गयं का? आते मन्हं नाव काढ," गजराबाई म्हणाल्या.

चारुलताने वाचणाऱ्यांच्या यादीतलं नाव खोडलं. मग प्रबंधाच्या शेवटी जोडलेली पोथ्यांची यादी उघडली. तिथे लिहिलं होतं: पहिली प्रत, देवळातली. त्यापुढे तिने 'त्रेसष्टावं पान गहाळ' अशी नोंद केली आणि खाली नवी ओळ लिहिली.

दुसरी प्रत, गजराबाई. संपूर्ण.