हॉलंड रिटर्न

हॉलंडचं वाटोळं व्हावं म्हणून मी हिवाळी ऑलिम्पिक बघायला बसले. खोटं कशाला बोलू? फ्रीजमधला सोडला तर बर्फ मी कुठे पाहिलेला नाही. पण गंगापूर रोडला राहणाऱ्या माझ्या लेकीनं, हर्षालीनं टीव्हीवर ते ॲप टाकून दिलं आणि म्हणाली, "आई, यात हॉलंडवाले पण असतात." बस, मला तेवढंच पुरे होतं.

गेल्या वर्षी माझी द्राक्षं दिंडोरीहून कंटेनरमध्ये बसून हॉलंडला गेली आणि तिथे नाकारली गेली. मणी गुलाबी पडलेत, असं कारण दिलं. आता माझ्या बागेत एकेका घडाला दरवर्षी पेपर गुंडाळलेला असतो, मणी गुलाबी पडू नयेत म्हणूनच. आमचे हे गेल्यापासून बाग मी एकटी बघते आणि पेपर लावण्याच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. शेजारची बाग चुलत दिरांची, सुनील भाऊजींची. त्यांनी पेपर लावायचा कंटाळा केला होता. दोघांचा माल एकाच दिवशी, मजुरांच्या एकाच टोळीनं काढला, परदेशी जाणारा माल भरतात त्या एकाच पॅकहाउसला गेला. त्यांचा पास झाला, माझा नापास. यात न कळण्यासारखं काय आहे? क्रेटवरच्या नावाच्या चिठ्ठ्या बदलल्या होत्या. माझी द्राक्षं त्यांच्या नावानं मिरवत गेली आणि त्यांची घाण माझ्या नावावर पडली.

मी हे चारचौघांत बोलले. भाऊजी हसले. "पुरावा काय, वहिनी?"

पुरावा नव्हता. नाव मात्र पडलं. लग्नाकार्याला गेले तरी मागून कुजबुज यायची, "हॉलंड रिटर्न आल्या बरं का." यंदा पॅकहाउसच्या सुपरवायझरनं मालाची तपासणी करून घेतली, सगळं उत्तम निघालं, तरी गाडी पाठवेना. "काकू, वरचे लोक तुमच्या नावाला बिचकतात," म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला पैसे नको होते, माफीसुद्धा नको होती. भाऊजींनी आपल्या तोंडानं, सगळ्यांसमोर, केलेलं कबूल करावं, एवढंच मला हवं होतं, आणि ते झाल्याशिवाय मी मरणार नव्हते.

तोवर हॉलंडवर राग काढायचा. पण ते मेले हरतील तर शपथ! नारिंगी कपडे घालून, एक हात पाठीवर ठेवून, अंगणात फेरी मारल्यासारखे बर्फावरून पळतात. पहिल्या दिवशी दोघं पळाले, त्यात हॉलंडवाला मागे राहिला, मी टाळ्या पिटल्या. मग कळलं की ही शर्यत त्या दोघांची नसतेच, घड्याळाशी असते. दोन-दोन जण पळतात आणि शेवटी सगळ्यांच्या वेळा लावून नंबर काढतात. जो मागे राहिला तो तरीही पदकात होता, आणि त्याच्याही वर दुसऱ्या जोडीतला एक. दोघंही हॉलंडचेच निघाले. मला जेवण गेलं नाही त्या दिवशी.

पण राग धरून बघितलं की खेळ लवकर समजतो. आठवडाभरात मला आत कोण, बाहेर कोण, लेन बदलताना वाट कुणी कुणाला द्यायची, सगळं कळायला लागलं. दुसऱ्या एका खेळात बंदूक पाठीला लावून पळणारे नेम चुकला की जादा फेरी मारतात, हेही कळलं.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर बैठक असते. टोळी उद्या कुणाच्या बागेत जाणार, हे ह्यांच्या वेळेपासून आमच्याच ओट्यावर ठरतं. टोळीचा मुकादम नाथा पेठकडचा. दर हंगामाला आपली माणसं घेऊन येतो आणि भाऊजींच्या शेडमध्ये उतरतो. मी टीव्ही दाराकडे वळवून ठेवला होता, त्यामुळे टोळीच्या बायका चहा पिता पिता बर्फ बघायच्या. भाऊजीही यायचे. टोळीची पाळी हवी असली की माझ्या ओट्यावर बसायला त्यांना लाज वाटत नव्हती.

दोन दिवसांत ते त्यातले पंडित झाले. त्यांना आवडायचा तो दगडांचा खेळ, कर्लिंग. जात्यासारखा जड दगड, त्याला कडी. एकजण तो सोडतो आणि दोघं त्याच्यापुढे झाडू घासत पळतात. "कॅरम आहे हा, दुसरं काय," भाऊजी टोळीला समजावत.

त्या दिवशी दिवेलागणीला असाच सामना चालला होता. दुसऱ्या दिवशी टोळी भाऊजींच्या बागेत जायची होती, पॅकहाउसची गाडी सकाळीच येणार होती, त्यामुळे स्वारी खुशीत होती. शेजारचे वाल्मीकआबाही येऊन बसले होते. टीव्हीवर एक दगड मस्त सरकत चालला होता. अचानक झाडूवाल्यानं हात वर केला, दगड पायानं थांबवला आणि बाजूला काढला.

"काय झालं?" धोंडाबाईनं विचारलं. ती टोळीतली सगळ्यात जुनी बाई.

"त्याचा झाडू दगडाला लागला," मी म्हणाले. "लागला की दगड बाद."

"कुनी पाह्यलं?"

"कुणी नाही. त्यानंच सांगितलं. या खेळात ज्याचा हात लागतो त्यानंच सांगायचं असतं."

"येडा आहे," भाऊजी मांडीवर थाप मारून हसले. "गप बसला असता तर जिंकला असता. कोण बघायला गेलंय?"

माझं डोकं सणकलं. "तुम्ही गप बसला असतात, नाही भाऊजी? गेल्या वर्षीसारखे?"

भाऊजींनी कप खाली ठेवला. "वहिनी, तेच तेच किती दिवस? पुरावा असेल तर बोला, नाहीतर..."

तेवढ्यात नाथानं हात वर केला. त्या टीव्हीतल्या माणसानं केला होता, तसाच.

"माझा हात लागला व्हता, काकू," तो म्हणाला. "चिठ्ठ्या म्याच बदलल्या. सुनीलदादा म्हनले, दोन्ही एकाच घरची द्राक्षं हायेत, काय फरक पडतो? मला वाटलं, नसंल पडत. तुमचं नाव गेलं तवा कळलं. मंग बोलायची हिंमत नाय झाली."

मला वाटलं, आता भाऊजींचा चेहरा पडेल. तो पडला नाही. ते उठले आणि नाथाच्या अंगावर धावले. "चोर साला! स्वतः भानगडी करतो आणि माझं नाव घेतो? आत्ताच्या आत्ता शेड खाली कर. सगळी टोळी घेऊन चालता हो!"

वाल्मीकआबांनी सुस्कारा सोडला. "झालं, सरिता. तुझं नाव मोकळं झालं. आता सोड."

सोडते कशी? गरिबाच्या गळ्यात धोंड बांधून हा माणूस मोकळा होणार आणि मी पेढे वाटू? नाथावर माझा रागच नव्हता. असला तरी तो त्यानं हात वर केला तिथेच संपला होता.

"नाथा," मी म्हणाले, "सामान माझ्या शेडमध्ये आण. सगळ्यांचं."

भाऊजी पाय आपटत गेले. टोळी भांडीकुंडी घेऊन माझ्याकडे आली. रागाच्या भरात त्या शहाण्याला एक गोष्ट सुचली नव्हती. ऐन हंगामात दिंडोरी तालुक्यात एक टोळी रिकामी नसते, आणि त्यानं आपली टोळी काढणीच्या आदल्या संध्याकाळी हाकलली होती.

सकाळी पॅकहाउसची गाडी त्यांच्या बांधावर येऊन थांबली. मी ओट्यावरून बघत होते. टोळीला मी चहा दिला, वर पोहे दिले, टीव्ही लावून दिला. भाऊजी फोनवर फोन लावत बांधावर येरझाऱ्या घालत होते. माल गारव्यातच काढावा लागतो, ऊन तापलं की पॅकहाउस घेत नाही. शेवटी ते आले. मागोमाग सुपरवायझरही आला.

"वहिनी, उन्हं चढतायत."

"चढू द्या."

"मी नाथाला माफ केलं. बास?"

"तुम्ही नाथाला?" मी हसले. "गेल्या वर्षी काय झालं ते सांगा. सगळ्यांसमोर."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग खाली बघत पुटपुटले, "मीच सांगितलं होतं चिठ्ठ्या बदलायला."

"धोंडाबाईला ऐकू आलं नाही."

"मीच सांगितलं होतं!" ते ओरडले. "माझा माल खराब होता. वहिनींचा चांगला होता. झालं समाधान?"

सुपरवायझरनं बाजूला जाऊन फोन केला, बराच वेळ बोलला, आणि परत आला तो थेट माझ्याकडे. "काकू, वरचे म्हणाले यांचा माल आज नको, आणि गाडी रिकामी नेता येत नाही. तुमच्या मालाची तपासणी झालेलीच आहे. ऊन अजून तापलं नाही, आज काढाल?"

मी नाथाकडे पाहिलं. त्यानं कप विसळून पालथा घातला.

"दादा, तुमच्याकडं उद्या येऊ," तो भाऊजींना म्हणाला. "गाडी मिळाली तर."

टोळी उठली. गाडी वळून माझ्या बागेकडे निघाली. भाऊजी ओट्याखाली उन्हात उभेच होते. दीर आहेत, बसा म्हणायला हवं होतं, पाणी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मला फार, फार बरं वाटत होतं. पदर खोचला आणि घडांवरचे पेपर काढायला बागेत गेले.