एका हाताची आग

सगळा ट्रेकिंग क्लब तिला वहिनी म्हणायचा. तिला पहिल्यांदा डोंगरावर नेलं ते नवऱ्याने, आणि तोच त्याचा शेवटचा डोंगर ठरला. खाली उतरल्यावर त्याने आपल्या गुडघ्यांची माफी मागितली आणि पुन्हा त्या वाटेला गेला नाही. वहिनी मात्र पुढच्याच रविवारी एकटी गेली, आणि मग जातच राहिली. हळूहळू नवशिक्यांचे गट तिच्या हाती यायला लागले. तंबू कुठे ठोकायचा, ओल्या रानात चूल कशी पेटवायची, वाट चुकली तर आधी काय करायचं, हे ती शिकवायची. क्लबचं ऐकून घरी मोठी नणंदही तिला वहिनीच म्हणू लागली. वयाने ती हिच्यापेक्षा चांगली मोठी, पण ते नाव बसलं ते बसलंच.

मग एका वळणावर रस्त्यावर तेल सांडलेलं होतं आणि वहिनीची स्कूटर घसरली. हाडं वाचली, पण खांद्यातल्या नसा ताणल्या गेल्या. उजवा हात दिसायला जसाच्या तसा, पण कोपराखाली त्यात जीव नव्हता.

"थोडाफार परत येईल. सगळा येईल असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले.

नवऱ्याचा चेहरा पडला. वहिनीने विचारलं, "पायांना काही नाही ना?"

"पाय ठणठणीत आहेत."

"मग झालं," ती म्हणाली. घरी आल्यावर न्हाणीघराचा नळ मोठा सोडून ती खूप रडली, ते कोणाला कळलं नाही. म्हणजे नणंदेला कळलं, पण ती बोलली नाही.

चालण्याफिरण्याची ताकद आल्यावर वहिनी क्लबच्या खोलीत गेली. धुतलेले तंबू दोरीवर वाळत होते, कोपऱ्यात बुटांचा ढीग होता आणि क्लबचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत, दोराची गुंडाळी करत बसले होते. तिला पाहून ते उठले. चहा मागवला, तब्येत विचारली आणि मग हळूच म्हणाले, "इथलं कामकाज बघशील का? सामान, नोंदणी, फोन. मला तुझ्यासारखं माणूस हवंच आहे."

"मला खुर्ची नको सर. गट हवाय."

सरांनी दोर खाली ठेवला. "नियम तुला माहीत आहे."

माहीत नसायला काय झालं? पूर्वी एकदा एका गटाच्या काड्यापेट्या भिजल्या होत्या, लायटर चालला नव्हता आणि गारठ्याने एका तरुणाची पायाची बोटं गेली होती. तो गट सरांचा होता. तेव्हापासून गट नेणाऱ्या प्रत्येकाला दरवर्षी परीक्षा द्यावी लागे. ओल्या हवेत, उघड्यावर, चकमकीच्या कांडीने आग पेटवायची आणि त्यावर मगभर पाणी उकळून दाखवायचं. कोणाची मदत नाही. कांडी म्हणजे करंगळीएवढा काळा धातूचा तुकडा. एका हातात ती धरायची, दुसऱ्या हातातल्या पोलादी पट्टीने खसकन घासायची, की ठिणग्यांचा सडा पडतो. भिजली तरी पुसून घ्यायची आणि पुन्हा घासायची. फक्त हात दोन लागतात.

"नियम बदला असं मी म्हणतच नाही," वहिनी म्हणाली. "परीक्षा घ्या माझी. पावसाळी दिवस बघूनच घ्या."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी स्वतःच गट नेणार नाही. माझ्या भरवशावर येणाऱ्या माणसांचं काय?"

सरांनी दोर पुन्हा उचलला. "ठीक आहे," ते म्हणाले. "पण मी एक इंचही सूट देणार नाही हं."

"दिलीत तर भांडेन."

घरी परसदारी पत्र्याचा एक तुकडा टाकून तिने सराव सुरू केला. कांडी बुटाखाली दाबून पाहिली. ती निसटून गटाराकडे पळाली. दातांत धरून पाहिली. ठिणग्या वर उडाल्या आणि भुवईचे केस जळल्याचा वास सुटला. मांड्यांत धरली, तर पट्टी घासण्याच्या नादात ठिणगी धरायला पुढे ठेवलेला कापूसच उधळून गेला. नवरा रोज संध्याकाळी पाण्याची बादली घेऊन पायरीवर बसायचा. "मी आपला अग्निशमन दल," तो म्हणायचा. पहिल्या आठवड्यात त्याला आग दिसली नाही, पण बायकोच्या तोंडून असे काही शब्द ऐकायला मिळाले की तो एक पायरी मागे सरकला.

नणंद घरीच मशीनवर आजाऱ्यांसाठी कंबरेचे, गुडघ्याचे पट्टे शिवायची. एका संध्याकाळी मशीन थांबवून ती बाहेर आली. तोंडाची फटकळ, पण नजर अशी की टाका चुकला तर खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दिसायचा.

"इतके दिवस खसखस ऐकतेय. नेमकं अडतंय कुठे?"

"वन्सं, कांडी धरली तर पट्टी घासायला हात नाही. पट्टी घेतली तर कांडी जागेवर राहत नाही."

"घासायचं म्हणजे पट्टीच हलली पाहिजे असं आहे का?"

वहिनीने पट्टी खाली ठेवली. डाव्या हातातल्या कांडीकडे बघत राहिली.

"पट्टी मी तुझ्या गुडघ्याला बांधून देते," नणंद म्हणाली. "ती हलणार नाही. तू कांडी ओढ मागे. सुरी स्थिर ठेवून गाजर ओढल्यासारखं."

दुसऱ्या दिवशी पट्टा तयार होता. जाड चामड्याचा, गुडघ्याच्या आतल्या बाजूला पट्टीसाठी घट्ट खोबण, आणि एका हाताने ओढून बसवता येईल अशी पकड. वहिनी एका गुडघ्यावर टेकली, कांडीचं टोक कापसावर टेकवलं आणि पट्टीला घासत कांडी सर्रकन मागे ओढली. ठिणग्या नेमक्या कापसात पडल्या. कापूस पेटला. नवरा बादली घेऊन उठलाच.

"बस खाली!" दोघी एकदम ओरडल्या.

पण घरचा सुका कापूस पेटवणं वेगळं आणि रानातलं ओलं लाकूड वेगळं, हे वहिनीला कोणी सांगायला नको होतं. तिने काटक्या मुद्दाम भिजवून पाहिल्या. काठी पायाखाली दाबून डाव्या हाताने तिच्या आतल्या कोरड्या लाकडाच्या पातळ साली काढायला शिकली. आधी साली कमी निघाल्या आणि चाकू निसटून बोटच जास्त कापलं. नणंद चिकटपट्टी लावता लावता पुटपुटायची, "एक हात उरलाय, तो तरी जपून वापर." पण थांब, असं ती एकदाही म्हणाली नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून बारीक झड लागली होती. टेकडीवरच्या मोकळ्या जागेत क्लबमधले काही जण छत्र्या घेऊन उभे होते. सरांनी पाण्याचा मग तिच्यापुढे ठेवला. "दुपारच्या आत पाणी उकळलं पाहिजे. कर सुरुवात."

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. दगडांचा आडोसा, खाली सालींची गादी, वर डबीतला कापूस. तिसऱ्या ओढीला ज्योत धरली. मागे कोणीतरी टाळी वाजवली, आणि वहिनीचं तिथेच चुकलं. तिने घाई केली. बारीक काटक्या नीट पेटायच्या आत जाड लाकूड ठेवलं. ते आतून चिंब होतं. फुसफुस वाफ निघाली, धूर झाला आणि ज्योत गेली.

डबीत कापूस शिल्लक नव्हता. साली भिजल्या होत्या.

सर पुढे झाले नाहीत, पण त्यांचा आवाज मऊ झाला होता. "वहिनी, पुढच्या महिन्यात पुन्हा घेऊ."

"दुपार झाली का सर?"

"नाही."

"मग मी अजून परीक्षेतच आहे."

ती उठली आणि झाडांकडे चालायला लागली. मागचे कुजबुजले. त्यांना वाटलं, रडायला गेली. ती मात्र मेलेलं झाड शोधत होती. पडलेलं नव्हे, उभ्या उभ्या वाळलेलं. सुईसारख्या पानांच्या झाडांत तसं एक सापडलं. अशा झाडाची फांदी तुटते तिथल्या बुडख्यात राळ साचते, झाडाचा भराभर पेटणारा चीक, आणि राळेला पाणी शिवत नाही. बुडखा तिच्या डोक्याच्या वर होता. तिने डाव्या हाताने तो धरला आणि सगळं अंग त्याला लोंबकळवलं. तो कुरकुरला, तुटला नाही. पुन्हा लोंबकळली. तिसऱ्या वेळी ती आणि बुडखा दोघंही चिखलात आपटले. तिने हुंगून पाहिलं. झणझणीत वास. भरपूर राळ होती. तिने वाकून वाकून झाडाच्याच खालच्या फांद्यांवरच्या बारीक सुक्या काटक्या मोडल्या, बगलेत धरल्या, आणि बुडखा चक्क दातांत धरून परत आली.

या वेळी तिने कोणाकडे बघितलं नाही. बुडखा पायाखाली दाबून चाकूच्या पाठीने राळेचा भुगा खरवडला, चांगला मूठभर. त्यावर पाठ वाकवून पावसाचा आडोसा केला. कांडी ओढली. काही नाही. गुडघा सरकवला, पुन्हा ओढली. भुगा काळपट धूर सोडत पेटला. मग एक काटकी, ती धरली की दुसरी. हात जाड लाकडाकडे जाऊ पाहत होता, तिने जाऊ दिला नाही. आगीला स्वतःचा आवाज येईपर्यंत ती काटक्याच भरवत राहिली. मग हळूहळू लाकूड. शेवटी पाण्याचा मग.

पाणी उकळलं तेव्हा दुपार व्हायला जरा अवकाश होता. सरांनी वाकून बुडबुडे नीट बघितले, नंतर रुमालाने मग उचलला, फुंकर मारून एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"धुराची चव आहे."

"साखर आणायची होती का?" वहिनी म्हणाली. तिच्या तोंडावर काजळी होती आणि दात राळेने चिकटत होते.

सर हसले, पण लगेच गंभीर झाले. "पट्टा हरवला तर?"

"पट्टी बुटाखाली दाबून ओढते. कधी जमतं, कधी नाही."

"ते नेहमी जमायला हवं."

"सराव चालू आहे," ती म्हणाली. "जमेल तेव्हा तुम्हाला बोलावून दाखवीन. तोवर पट्टे दोन नेईन."

"पुढच्या महिन्याचा गट तुझा. आणि हा गुडघ्याचा प्रकार बाकीच्यांनाही शिकव. डोंगरात कोणाचाही हात मोडू शकतो."

त्या महिन्यात बाराजणांचा गट घेऊन वहिनी निघाली. पहिल्या मुक्कामाला एका धिप्पाड गृहस्थाने पाठीवरचं ओझं उतरवत सरळ विचारलं, "बाई, तुमच्या हाताला काय झालंय?"

बाकीचे चपापले.

"गाडीवरून पडले," वहिनी म्हणाली. "आता उजेड आहे तोवर सुकं लाकूड ओळखायला शिकू. या माझ्यामागे, आणि जमिनीवरचं एकही उचलू नका."