ऐकल्याची वेळ, बदलल्याची वेळ

नभोवाणी केंद्रातल्या संगणकांची देखभाल करणाऱ्या मुलीला घरीदारी सगळे मुंगीच म्हणत. अंगानं एवढीशी, आणि एकदा कामाला लागली की मान वर करायची नाही. त्याच केंद्रावर एके काळी तिच्या मावशीचा 'डागडुजी' हा कार्यक्रम लागे. कपड्यावरचे, गालिच्यावरचे, लाकडावरचे डाग कसे काढावेत ते मावशी रोज सकाळी अशा गोड आवाजात सांगे, की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्याही घरात एखादा डाग असता तर बरं झालं असतं.

पुढे मावशीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. अगदीच गेला असं नाही. तेल न घातलेलं दार बोलायला लागावं, तसा उरला. त्या आवाजातही ती भांडायची काही कमी करत नसे. पण एकदा मुंगीनं "जुना कार्यक्रम लावू का?" म्हणून विचारलं, तर तोंड फिरवून म्हणाली, "नको गं. ती बाई आता इथे राहत नाही."

आणि नेमका साहेबांचा हुकूम निघाला. केंद्रातली साठवणीची जागा भरत आली होती. वर्षभरात जी फाइल कुणी ऐकलेली नाही, ती सोमवारी यंत्र आपणहून पुसून टाकणार. 'डागडुजी' कोण ऐकतंय! मुंगीनं घरी न्यायला एक प्रत मागून पाहिली.

"केंद्राची मालमत्ता आहे ती, अहो," साहेब म्हणाले. "आज तुम्ही मावशी न्याल, उद्या दुसरा कुणी काका नेईल."

मावशीचा खरा आवाज जगात तेवढाच शिल्लक होता. सगळे भाग एकेक करून ऐकत बसावं, तर तेवढा वेळ कुठून आणणार?

पण संगणक फाइलीच्या अंगावर वेळा टिपून ठेवतो हे तिला ठाऊक होतं: शेवटची कधी ऐकली आणि शेवटची कधी बदलली. या वेळा आपल्याला हव्या तशा लावता येतात. त्यासाठी यंत्राच्या गाभ्याला थेट हाक मारायची सोय असते, तिला सिस्टिम कॉल म्हणतात. हाकेबरोबर दोन वेळा द्यायच्या, पहिली ऐकल्याची, दुसरी बदलल्याची. मुंगीला फक्त पहिली हवी होती. दुसरीच्या जागी 'आहे ती राहू दे' असं लिहायला हवं होतं. पण तेवढ्यात साहेब चष्मा शोधत मागे येऊन उभे राहिले, मुंगीची त्रेधा उडाली, आणि तिनं काहीच न देता हाक मारून टाकली. रिकाम्या हातानं आलेल्याला गाभा एवढंच समजतो, की याला दोन्ही वेळा आत्ताच्या हव्यात. त्यानं निमूटपणे 'डागडुजी'च्या सगळ्या फाइलींना दोन्ही लावून दिल्या.

खोटं ते खोटंच, हे मुंगीला कळत होतं. त्या संध्याकाळी तिनं देवापुढे हात जोडताना वर बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मावशी टेबलाशी मटार सोलत होती, रेडिओ चालू होता. सकाळी 'नवं काही' लागे. त्याला माणूस नेमलेला नव्हता. जी फाइल सर्वांत अलीकडे बदललेली, ती नवी समजून यंत्रच वाजवून टाकी.

"तायांनो," रेडिओतून मधासारखा आवाज आला, "डाग दिसला म्हणून घाबरून जाऊ नका."

मावशीचा हात शेंगेवरच थांबला. मुंगीनं हातातला चहा खाली ठेवला. आपण काय करून बसलो ते तिला त्या क्षणी लख्ख कळलं. मावशी आता रडणार, म्हणून ती उठली.

"अंड्याचा डाग असेल," रेडिओ म्हणाला, "तर त्यावर उकळतं पाणी ओता."

"उकळतं?" मावशी करकरली. "अगं बये, शिजेल ना तो! गार पाणी घ्यायचं! कुणी बसवलंय हिला तिथे?"

"मावशी, ती तूच आहेस."

"म्हणून काय चुकीचं ऐकून घेऊ?" मावशीनं फोन उचलला. "हॅलो, तुमच्याकडे आत्ता बोलतेय ना, तिला अंड्यातलं ओ की ठो कळत नाही!"

पलीकडे साहेबच होते. "आजोबा, आपली तक्रार नोंदवून घेतो," ते अदबीनं म्हणाले.

"आजोबा कुणाला म्हणतोस रे!" म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता. मावशी चपला शोधायला लागली.

मुंगी तिच्या आधी केंद्रावर पोचली. वाटेत तिच्या मनात आलं होतं, दोन्ही वेळा पुन्हा मागे नेऊन ठेवाव्यात, आहे काय आणि नाही काय. पण यंत्र एक तिसरी वेळही टिपतं, फाइलीच्या नोंदींना शेवटचा हात कधी लागला ती. ती लावायला कुठलीच हाक नसते, गाभा आपली आपण लिहितो. हिच्यापुढे कुणाचं चालत नाही, वेळांना हात लावल्याचं कळणारच, असं म्हणून मुंगीनं साहेबांसमोर सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे कुणी ऐकलेलंच नाही!" साहेब लाल झाले. "मग सोमवार कशाला? आत्ताच पुसतो."

तेवढ्यात फोन वाजला. एका बाईंच्या ब्लाउजवर अंडं शिजलं होतं. तो ठेवतात तोवर दुसरा. त्या घरी गालिचा होता. आणि दारात मावशी.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "दुरुस्तीही मीच सांगणार."

"या आवाजात?"

"डाग काढायला आलेय, गायला नाही."

फोन पुन्हा वाजायला लागला तसे साहेब मुकाट्यानं बाजूला झाले. मावशीनं माइकसमोर बसून गार पाणी सांगितलं, वर साबण कुठला ते सांगितलं, आणि आधी बोलली त्या बाईवर विश्वास ठेवू नका असंही बजावलं. मुंगीनं ते बोलणं त्या भागाच्या शेवटी जोडलं. आता ती फाइल खरोखरच बदलली होती.

"झालं?" साहेबांनी विचारलं. "बाकीच्या पुसू ना?"

"आणि त्यांतल्या चुका?" मावशी म्हणाली. "लोकांनी त्या ऐकून लिहून ठेवल्यात. त्यांच्या घरातून कशा पुसणार तुम्ही?"

"कि… किती चुका असतील?"

"ऐकल्याशिवाय कसं सांगू?"

साहेबांनी फोनकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं आणि सफाईच्या यादीतून 'डागडुजी' काढून टाकलं.

मावशी रोज सकाळी येऊन पहिल्या भागापासून ऐकायला बसू लागली. कानावर हेडफोन, डोळे मिटलेले, ओठ आपसूक हलताहेत. मुंगीला वाटे, हिला हाक मारू नये. एकदा मात्र मावशीनंच हेडफोन काढून आदळले.

"मुंगे, ही बाई एकदा सुरू झाली की मधे श्वास म्हणून घेत नाही गं. माझं म्हणणं मी घुसवायचं कुठे?"