सतरा नंबरचा शिक्का

त्याने खरवडणी आडवी धरली आणि जिन्याच्या जोडावरचा रंग काढायला सुरुवात केली. करडे पापुद्रे बुटांवर पडू लागले. वीतभर जागा मोकळी झाली तेव्हा जोडाशेजारी पोलादात ठोकलेला आकडा दिसला. सतरा.

सतरा हा त्याचाच आकडा. वेल्डिंगचा प्रत्येक जोड तपासून झाला की शेजारी तो हा आकडा ठोकायचा. तो शिक्का फक्त त्याच्याकडे असायचा. हा जोड मात्र त्याने कधी पाहिला नव्हता.

तीन आठवड्यांनी तो आज कामावर आला होता. एका शाळेसाठी केलेले चार लोखंडी जिने रंगून आवारात उभे होते. दुपारी ट्रक येणार होता. जोड रंगाच्या आधी बघायचा, हा पहिला नियम. जोडावर साचलेली वेल्डिंगची मळी झाडायची, तारेच्या ब्रशने घासायचं, भरपूर उजेड घ्यायचा आणि डोळा दोन फुटांच्या आत न्यायचा. रंग चढला की सगळेच जोड देखणे दिसतात. म्हणून रजेवर जाताना तो सांगून गेला होता, जिने थांबू द्या, मी आल्यावर बघतो.

रजिस्टरमध्ये तपासणीची तारीख लिहिलेली होती. त्या तारखेला तो दिवसभर दवाखान्यात बायकोपाशी बसला होता. ती त्यानंतर दोन दिवसांनी गेली.

मामा हातमोजे काढत त्याच्याकडे आला. मामा म्हणजे कारखान्यातला सगळ्यात जुना वेल्डर. भाचा कोणीच नव्हता, तरी सगळ्यांचा मामा.

"आल्या आल्या खरवडायला लागलास? चहा तरी घे."

"हा आकडा कोणी ठोकला?"

मामाने आकड्याकडे पाहिलं, मग हातातल्या मोज्यांकडे.

"मी."

"शिक्का माझ्या घरी होता. कपाटात."

"मालक म्हणाला, शनिवारपर्यंत शिक्के पडले नाहीत तर दुसरा तपासनीस आणतो. आणि तो कायमचाच. तुझी जागा जात होती, बाबा."

"मला विचारायचं."

"तू नाही म्हणाला असतास."

"मग?"

मामाने मोजे खिशात कोंबले. म्हणाला, "जोड माझे आहेत. वीस वर्षं बघतोयस माझे जोड. किती परत पाठवलेस?"

"चौदा."

"मेल्या, मोजलेस होय?"

तो हसला नाही. त्याने ब्रशने जोड घासला, बॅटरी तिरपी धरली आणि गुडघ्यावर बसून डोळा जवळ नेला. मग जोडाच्या कडेने अंगठ्याचं नख फिरवलं. वरच्या कट्ट्याजवळ, जिथे सगळा भार येतो, तिथे नख अडकलं. त्याने मामाचा हात धरून त्याचंही नख तिथून फिरवलं. तेही अडकलं.

"खाच आहे," मामा हळू आवाजात म्हणाला.

"पोरं धावत चढणार यावरून."

"भरून देतो. आत्ता देतो."

"कपाटाला कुलूप होतं, मामा."

मामाने कपाळ पुसलं. "तू दवाखान्यात खाली औषधं आणायला गेला होतास. वहिनींना मी सगळं सांगितलं. त्यांनीच उशाखालून घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढून दिला. म्हणाल्या, मी गेल्यावर त्यांना कामच सांभाळेल, काम जाऊ देऊ नका. आणि त्यांना कळू देऊ नका."

"परत कधी ठेवलास?"

"वहिनींना नेलं त्या दिवशी. घरात गर्दी होती."

त्या दिवशी मामा दारातच त्याच्या गळ्यात पडून रडला होता. त्यानेच मामाला आत बसायला सांगितलं होतं.

"केसाने गळा कापलास," तो म्हणाला. पण मामाकडे बघून नाही.

ती पुढचे दोन दिवस बोलत होती. पाणी मागितलं. गॅस बंद केलात का, विचारलं. शेजारणीचा डबा परत द्यायची आठवण केली. न बघता आपण कधी ठोकत नाही, हे तो वीस वर्षं तिलाच जेवताना सांगत आला होता, आणि ती मान डोलवायची. तिच्या उशाशी तो रात्रंदिवस होता. एवढं एक सांगायला तिला वेळ होता.

तो उठला आणि केबिनमध्ये गेला. मामा मागोमाग आला. त्याने नापास मालाचा फॉर्म काढला. चारही जिने, रंग काढून पुन्हा तपासणी. ट्रक परत पाठवावा. अक्षर नेहमीसारखंच सरळ होतं. खाली रकाना होता, शिक्का दुसऱ्याने वापरला असल्यास त्याला तो कसा मिळाला.

"चोरला म्हणून लिही," मामा म्हणाला. "माझी दोन वर्षंच उरलीत. पण वहिनींचं नाव कागदावर नको."

तो बराच वेळ पेन धरून बसला. बाहेर कोणीतरी ग्राइंडर सुरू केला आणि बंद केला. मग त्याने दोन शब्द लिहिले, सही केली आणि कागद मामाकडे सरकवला.

मामाने चष्मा लावून वाचलं. मी दिला.

"तू कुठे दिलास? अरे, स्वतः दिला म्हटल्यावर शिक्का काढून घेतात. पुन्हा देत नाहीत."

"ठोकणाऱ्याची सही खाली," तो म्हणाला. "तिथे कर."