बोहारणीचा रविवार

लालबागच्या चाळीतल्या आमच्या एवढ्याशा खोलीत मी दोनच नियम लावले होते. स्वयंपाक आणि कपडे माझे, भांडी आणि केर अभयचा; आणि जे कामाचं नाही त्याला घरात जागा नाही, ते रविवारी बोहारणीच्या गाठोड्यात. नवरोबांनी मान डोलावली आणि कॉटवर आडवे झाले. पंधरा दिवस मोरीत खरकटं साचत राहिल्यावर माझं डोकंच फिरलं. "सोमवारपर्यंत सुधारला नाहीस तर मी चालले भोईवाड्याला, आईकडे!"

सोमवारी ऑफिसातून आले तर भांडी लख्ख, केर काढलेला. जीव असा सुखावला म्हणून सांगू! मी काही बोलले नाही. बोलून दृष्ट लागायची.

गुरुवारी मात्र माझे कपडेही धुऊन, वाळून, घड्या होऊन कपाटात होते.

"माझी कामं कशाला केलीस रे?"

"मी?" अभय म्हणाला. "मला वाटलं, मला लाजवायला भांडीपण तूच घासतेयस."

किल्ल्या दोनच, आमच्याकडे. शेजारच्या रखमाकाकू दिवसभर गॅलरीत बसून असतात, त्याही म्हणाल्या, "कोण नाय आला गो."

घाबरायला हवं होतं. पण खरं सांगते, आयतं कोणाला नको असतं? पुढच्या आठवड्यात जेवणही तयार मिळू लागलं. अभय तर जेवलेलं ताटसुद्धा जागेवरून हलवेना. मी आपली सवयीनं सकाळचा चहा तेवढा करत होते.

रविवारी उठले तर दाराशी गाठोडं बांधून ठेवलेलं. मी ते सोडलं. अभयचे सगळे शर्ट, दाढीचं सामान, चष्म्याची डबी, सगळं नीट रचलेलं. आणि तळाशी माझी एक साडी.

"जुई, चहा दे ना," कॉटवरून अभय म्हणाला. त्याच वेळी खाली जिन्यात बोहारणीची हाक आली.

जे कामाचं नाही ते गाठोड्यात, नियम माझाच होता. मी ओट्याकडे धावले. चहा गाळून ठेवलेला होता. मग झाडू उचलला आणि कॉटखाली वाकले, कुठेतरी चिमूटभर कचरा असेलच म्हणून.

फरशी ओली होती, नुकतीच पुसलेली.