दोनदा टिक म्हणजे हो

हॅलोबुवांना सगळी गल्ली हॅलोबुवा म्हणायची, कारण हा माणूस फावल्या वेळात रेडिओच्या माइकमध्ये हॅलो हॅलो करत बसायचा. त्यांची बायको कपडे शिवायची, म्हणून ती मास्तरीणबाई. घरात दोनच कायदे होते. बुवांच्या वायरींना बाईंनी हात लावायचा नाही आणि बाईंच्या कापडाच्या कात्रीला बुवांनी. साधा कागद कापायलासुद्धा नाही. सत्तावीस वर्षं दोघांनी हे कायदे पाळले आणि एकमेकांना टोमणे मारत सुखाने संसार केला.

त्या दुपारी त्यांची जीप डोंगरमाथ्यावर उभी होती. खाली नदीच्या पात्रातल्या खडकाळ बेटावर त्यांची लेक चार सोबत्यांबरोबर दगडांचे नमुने गोळा करत होती. मोबाइलला रेंज नव्हती. लेकीकडे हातातला छोटा रेडिओ होता आणि बुवांच्या जीपमध्ये मोठा सेट. मास्तरीणबाई मागच्या सीटवर एका शर्टाची बाही उसवत होत्या. कुठेही गेल्या तरी काम बरोबर असायचंच.

दोन वाजून वीस मिनिटांनी सेटवर धरणावरचा गेटमन बोलला. तोही याच छंदातला, बुवांचा जुना दोस्त.

"बुवा, नीट ऐका. दारांची उद्याची चाचणी आजच घ्यायला सांगितलीय. बरोबर तीनला पाणी सोडतोय, पाच मिनिटांत ते बेटावर येईल. तुमच्या लेकीला माझा रेडिओ लागत नाही, मध्ये डोंगर आहे. भोंगाही तिथवर पोचत नाही. तिला बाहेर काढा. कळलं का?"

बुवांनी माइकचं बटण दाबलं. सेटचा दिवा विझला. बटण सोडलं, दिवा लागला. पुन्हा दाबलं, पुन्हा विझला.

"दोनदा टिक आली," गेटमन म्हणाला. "म्हणजे समजलं. मी खाली यंत्रांपाशी जातो."

बुवांच्या तोंडचं पाणी पळालं. रेडिओवाल्यांची ही जुनी सवय. हात कामात असले की बोलत बसत नाहीत, बटण दोनदा दाबून सोडतात. दोनदा टिक म्हणजे हो. मरता मरता सेटने दोनदा हो म्हटलं होतं आणि गेटमन निश्चिंत मनाने निघून गेला होता.

"अहो, बोला ना तिच्याशी," बाई म्हणाल्या.

"बोलताच येत नाहीये. ऐकू सगळं येतंय, बोलायला गेलं की हा मान टाकतोय."

"सकाळी बघितला होता ना?"

सकाळी बुवांनी सेट लावला होता, आवाज आला होता, त्यावर खूश होऊन ते निघाले होते. बोलून बघायचं राहिलंच. त्यांनी बॉनेट उघडून बॅटरीला मीटर लावला. साडेबारा व्होल्ट. इंजिन चालू करून बघितलं, चौदा; पुन्हा बंद केलं. फ्यूज बदलला. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा अंधार.

"बॅटरी ठणठणीत आहे. सेटच गेला असणार," ते म्हणाले. गाडीने खाली जायला दीड तास लागणार होता, म्हणजे तो विचारच नको. इथून जीपचा हॉर्न खाली पोचत नव्हता आणि बेटावरची माणसंही दिसत नव्हती.

तेवढ्यात सेटवर लेक आली. "बाबा, आम्ही बेटावरच जेवायला बसतोय. मस्त सावली आहे. तुमचा सेट उचक्या काय देतोय? ऐकताय ना?"

बुवांचा हात बटणाकडे गेला. बाईंनी तो मनगटाला धरून थांबवला.

"टिक देऊ नका. हो वाटेल तिला."

लेकीने क्षणभर वाट पाहिली. "बरं, आईशी भांडत असाल. जेवून बोलते." आणि ती गेली. इतकं जवळ बोलत होती पोर आणि तिला ऊठ म्हणता येत नव्हतं.

"मीटर लावलात तेव्हा बटण दाबलेलं होतं का?" बाईंनी विचारलं.

"तुला यातलं काय कळतं?"

"माझ्या मशीनचा दिवा रिकामा असताना छान जळतो. जाड कापड सुईखाली आलं की मंदावतो. भार पडल्यावर मोजा. मी दाबते, तुम्ही बघा. दर वेळी एकदाच दाबीन."

एरवी बुवांनी यावर तासभर वाद घातला असता. आता मुकाट्याने सेटच्या मागे मीटर लावला. बाईंनी बटण दाबलं. साडेबाराचे थेट आठ झाले.

"वाटेत कुठेतरी अडतंय," बुवा पुटपुटले. लाल वायरीच्या दोन्ही टोकांना मीटर लावला. बाईंनी दाबलं. काही नाही, वायर निर्दोष. मग काळी वायर. बॅटरीच्या काळ्या खुंटीपासून सेटपर्यंत, बटण दाबताच साडेचार. सगळी गळती काळ्या बाजूला. ही वायर सीटखाली जीपच्या पत्र्याला बोल्टने कसलेली होती. बुवा त्या बोल्टकडे बघतच राहिले.

"काय झालं?"

"रविवारी इथे गंज दिसला. मी वायर सोडवली, पत्र्याला दोन हात रंग दिला आणि वर पुन्हा कसली." त्यांनी पाना उचलला. "रंगातून वीज जात नाही गं. मीच केलं हे."

दोन वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. बुवांनी पान्याने बोल्ट काढला. खाली रंग असा चकचकीत होता की दृष्ट काढावी. पॉलिश पेपर घरी होता. पान्याच्या कडेने नुसते ओरखडे उठत होते.

मास्तरीणबाईंनी मांडीवरची कात्री उचलली. आईने दिलेली, पहिल्या मशीनबरोबर. त्यांनी ती उघडली, पातं पत्र्यावर टेकवलं आणि सगळा जोर लावून खरवडलं. तो आवाज त्यांच्या दातांत गेला. पात्याची धार तुटताना हाताला कळत होती. त्या थांबल्या नाहीत. पांढरा पत्रा उघडा पडला तेव्हा बुवांनी वायर ठेवून बोल्ट कसला.

बटण दाबलं. दिवा जळत राहिला.

"पोरी, ऊठ. तीनला पाणी सोडतायत. सामान तिथेच टाका आणि काठ चढा. सगळे. आत्ता."

"बाबा, चेष्टा..."

बाईंनी माइक हिसकावला. "ऊठ म्हणते ना."

त्यानंतर रेडिओ गप्प झाला. बुवांनी गेटमनला दहा हाका मारल्या, तो यंत्रांपाशी होता. तीन वाजले. तीन वाजून सहा मिनिटांनी खालच्या वळणावर नदी रुंद होत, मातकट होत आली आणि बेट दिसेनासं झालं. बाईंनी शर्टाची बाही मुठीत घट्ट धरली होती.

सेटमधून आवाज आला. टिक. टिक.

मग धापा टाकत लेक म्हणाली, "पाचही वर आहोत. दम लागला होता, बोलताच येईना, म्हणून टिक दिली. डबे गेले, आई."

मास्तरीणबाई रडल्या, भरपूर रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी कात्री नवऱ्याच्या हातात दिली.

"घ्या. आजपासून तुमची. कागद कापा."

बुवांनी ती कपाळाला लावली आणि त्या दिवसापासून घरात कागद हातानेच फाडला.